नागपुरात नवा रिपोर्टर: आधी कूलर, मग बीट

"नागपूरला रिपोर्टर म्हणून रुजू होतोय, पहिले काय करू?" पश्चिम महाराष्ट्रातून, मराठवाड्यातून येणारी पोरं हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बातमीचं नंतर, आधी खोली नीट बघा. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, आणि उशिरा रात्री ऑफिसातून सुटून सकाळी पुन्हा उन्हात निघायचं असतं.

भाडं कमी म्हणून थेट गच्चीखालची खोली घेऊ नका, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेलाच राहतो. कूलर बाहेरून बसेल अशी खिडकी हवी आणि हवा निघून जायला समोर दुसरी खिडकी नाहीतर दार. ही वाट नसली की तासाभरात खोली दमट होते, कूलर सुरू असूनही घाम फुटतो. कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूंच्या पाणी धरणाऱ्या गवताच्या जाळ्या, मार्चमध्येच बदला; जुन्यांवर क्षार साचतात, त्या पाणी नीट धरत नाहीत. कूलर पत्र्याचा असेल तर अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कूलरचा शॉक लागून मृत्यू ही इथली उन्हाळ्यातली बातमी आहे, आणि नव्या माणसालाच ती लिहावी लागते.

बीट, म्हणजे बातम्यांसाठी नेमून दिलेलं क्षेत्र, बहुधा क्राइमचं मिळेल. पीआयच्या (पोलीस निरीक्षकाच्या) केबिनबाहेर ताटकळण्यापेक्षा ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराशी ओळख वाढवा. घटना कधी घडली आणि गुन्हा कधी दाखल झाला, या दोन वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या. नव्यांची गल्लत तिथेच होते. "मेडिकलला नेलं" आणि "मेयोत नेलं" ही दोन वेगळी सरकारी रुग्णालयं, पहिलं मेडिकल चौकात, दुसरं सेंट्रल अव्हेन्यूकडे. न विचारता निघालात तर पोस्टमॉर्टेम एकीकडे अन् तुम्ही भलतीकडे. अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव छापायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वस्ती, शाळा, आरोपीशी नातं यांवरूनही ओळख पटते. तेही गाळा.

सुट्यांचं म्हणाल तर दसरा विसरा. रेशीमबागेत संघाचा मेळावा, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, माणसं पुरत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, तेव्हाही तेच.

खरी कसोटी डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाला. पासासाठी ऑफिसचं पत्र आणि फोटो आधीच देऊन ठेवा. विधानभवनाकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी लांब सोडून मेट्रोने झिरो माइलला उतरा. मोर्चे बहुतेक यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. गर्दीचा आकडा नेत्याचा वेगळा, पोलिसांचा वेगळा. दोन्ही ज्याच्या त्याच्या नावाने लिहा. शिष्टमंडळात कोण गेलं, निवेदन कोणत्या मंत्र्याने घेतलं, काय कबूल केलं, हे कळेपर्यंत बॅरिकेडपासून हलू नका. डेस्क, म्हणजे ऑफिसात बातम्या संपादित करणारी मंडळी, रात्री फोन करून नेमकं हेच विचारते, अन् तोवर मोर्चेकरी परतीच्या गाडीत बसलेले असतात.