मशीन मिळालं, पण सेल कोण देणार?

आमच्या बीडकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला जाऊन वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाची म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मग सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटक, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घरी फक्त म्हातारी माणसं. मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, बरीच पोरं राहतातही, पण ऐकू न येणाऱ्या मुलीला मागं ठेवायला आई तयार होत नाही. एका आईने मला सरळ विचारलं, हिला कुणी काही केलं तर ही सांगणार कशी? त्यामुळे मुलगी उसाच्या फडावर जाते, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत धाकट्या भावाला सांभाळते आणि शाळा अर्ध्या वर्षासाठी सुटते.

याच मुलीला एका कॅम्पमध्ये कानाचं मशीन मिळालेलं. मी बघायला मागितलं तर आजीने पत्र्याच्या पेटीतून रुमालात गुंडाळलेलं काढून दिलं. सेल कधीच संपलेले, गावात मिळत नाहीत, आणि मुलगी वाढली तसा कानात बसवायचा मोल्ड सैल झाला. मोल्ड सैल असला की मशीन शिट्टी मारतं, वर्गातली पोरं हसतात, मग ती ते कानाला लावतच नाही. कॅम्पचे फोटो छापून आले असतील, पण मोल्ड दर थोड्या काळाने बदलावा लागतो हे घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला फार राग येतो.

कागदावर बरंच काही आहे हो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, म्हणजे आठवी झाली की बास असं कुणी म्हणू शकत नाही. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय योजनेतून दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये, 10 महिने, असा भत्ता आहे. पण त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात खेटे, बेरा टेस्ट म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि प्रत्येक खेपेला दोन माणसांचं एसटी भाडं नि बुडालेली मजुरी. पोरगी वयात आली की आणखी एक अडचण, शाळेत धड संडास नाही, पाणी नाही, आणि ज्या मुलीला चालता येत नाही तिला तिथपर्यंत नेणार कोण? तिथंच बऱ्याच जणींची शाळा कायमची सुटते.

म्हणून मदत करायची म्हणणाऱ्यांना मी सांगते, वह्या-दप्तरं खूप येतात, ती नकोत. वर्षभराचे सेल द्या, मोल्डचा खर्च उचला, दवाखान्याच्या खेपेला बुडणारी मजुरी भरून द्या, गावातल्याच एखाद्या बाईला मुलीला शाळेत नेण्या-आणण्याचा पगार द्या. आणि हे सगळं दिवाळीच्या आधी व्हायला हवं, एकदा गाड्या भरल्या की कुटुंब सापडत नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनो, तुमच्या गावाशेजारी ऊसतोड मजुरांची टोळी उतरली तर कोपीत शाळेच्या वयाची अशी मुलगी आहे का ते जरा बघा, असली तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींना सांगा, आणि मलाही कळवा, इकडची कागदपत्रं मी बघते.