‘इतर’ या खात्यातली सत्तावीस वर्षं

डिझेल, टोल, पंक्चर, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), भत्ता, इतर. खेप संपवून ड्रायव्हर ऑफिसात आला की खिशातून हिशोबाचा कागद काढतो, त्यावर ही इतकी खाती असतात. कागद घामाने मऊ पडलेला, घडीवर फाटलेला. पहिल्या पाच खात्यांत काही गंमत नसते. कुठल्या पंपावर किती लिटर भरलं असेल ते आम्हाला घरबसल्या कळतं. आमच्या ट्रान्सपोर्टची वाटचाल आहे ती सहाव्या खात्यात. हिशोब बायको बघते. पहिल्या वर्षापासूनचे हे कागद तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेत. मुलाला आता कंपनीची माहितीपुस्तिका काढायची आहे, त्यात ‘तत्पर सेवा’ वगैरे लिहायचंय. मी म्हटलं, आधी डबे उघड.

माझे वडील माथाडी. मशीद बंदरला पोती वाहिली, मग बाजार वाशीला आला तसे तेही इकडे आले. मी कोपरखैरण्यात वाढलो. 1969 साली माथाडी कायदा झाला म्हणून आपल्याला फंड मिळाला, हे वडील येईल त्या पाहुण्याला सांगायचे आणि भिंतीवरच्या माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या फोटोकडे बोट दाखवायचे. त्याच फंडातले पैसे आणि पतपेढीचं कर्ज, यावर 1998 मध्ये मी जुनी सहा चाकी टाटा घेतली. त्याआधी चार वर्षं तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टमध्ये मुनशी होतो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती फाडणं, भाडं ठरवणं, उरलेल्या भाड्यासाठी माल देणाऱ्या पार्टीच्या दारात बसणं हे तिथे शिकलो. गाडी चालवणं मात्र कधी धड जमलं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ दहा बाय बाराचा गाळा, एक टेबल, एक फोन. ड्रायव्हर म्हणून आले मामा. माझ्या नात्यातले नव्हेत, माण तालुक्यातले, गळ्यात तुळशीची माळ, वयाने माझ्या दुप्पट. चारचौघांत मला ‘शेठ’ म्हणायचे आणि एरवी ‘बाळा’. बाळाला शेठ करण्यात त्यांचा हात मोठा आहे.

तेव्हा मोबाइल परवडत नव्हता. गाडी कुठे आहे हे कळायचं ते एसटीडी बूथवरून, आणि तिथे मीटर पळायचा. म्हणून मामांनी युक्ती काढली. घरच्या फोनवर एक रिंग देऊन कट केली म्हणजे पोचलो. दोन म्हणजे गाडी खाली झाली, माल उतरला. तीन म्हणजे भानगड आहे, जागे राहा, परत फोन करतो. पैसा खर्च नाही, निरोप पोचतो. एकदा रात्री साडेअकराला तीन रिंगा वाजल्या. मी उठून बसलो, बायको उठून बसली. गाडी हुबळीच्या पुढे असणार, माल पाइपांचा, विमा कालपरवाच संपलेला. पहाटेपर्यंत फोन नाही. पाचला माझ्या सासूबाईंचा फोन आला. रात्री त्यांनी गावच्या बूथवरून लावला होता, तिसऱ्या रिंगेला लाइट गेली. मामा त्या वेळी ढाब्यावरच्या बाजेवर घोरत होते. त्या खेपेपासून भानगडीच्या रिंगा चार झाल्या.

डब्यात सगळ्यांत लाडका कागद आहे तो 2001 चा, सेलमच्या खेपेचा. सेलम इथून साधारण 1,200 किलोमीटर. जाताना लोखंडी पाइप न्यायचे आणि येताना साबुदाणा. आपल्याकडे उपासाला जो साबुदाणा भिजतो, त्यातला पुष्कळसा तिकडून येतो, हे वाशी मार्केटच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. आषाढी तोंडावर आली की तिकडच्या साबुदाण्याला इकडून मागणी वाढते आणि परतीचं भाडं हमखास मिळतं.

तर मामा सेलमला पोचले. गोडाऊन एका बोळात, गाडी रिव्हर्स घेऊनच आत घालायची. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, चहाला गेलेला. मागे दोन हमाल उभे राहिले आणि हात हलवत ओरडू लागले, “वा! वा वा! वा वा वा!” तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. मामांना काय माहीत! त्यांना वाटलं, आपल्या रिव्हर्सचं कौतुक चाललंय. नंतर मला सांगत होते, “बाळा, तीस वर्षं स्टेअरिंग धरलंय, एका मालकाने शाबास म्हटलं नाही. आणि ती परमुलखातली माणसं बघ.” त्यांनी खिडकीतून हात काढून सलाम केला आणि गाडी आणखी जोरात मागे घेतली. मागची माणसं आता दोन्ही हात वर करून “पोदुम! पोदुम!” म्हणून किंचाळायला लागली. पोदुम म्हणजे पुरे. मामांना ते ‘वा वा’च्याही वरचं काहीतरी वाटलं. गेटचा खांब विटांचा होता, आडवा झाला.

हिशोबाच्या कागदावर मामांनी लिहिलं होतं: ‘वा वा – 900’.

बायकोने तो आकडा तीनदा वाचला आणि ही कुठली चैन म्हणून मामांना विचारलं. त्यांनी सगळं सांगितल्यावर तिने काही न बोलता पुढे ‘मंजूर’ लिहिलं.

त्याच खेपेत आषाढी एकादशी रस्त्यातच आली. वाटेतल्या हॉटेलांत इडली, डोसा, भात. मामा ओट्यावर बसलेल्या माणसाला हातवारे करून साबुदाण्याची खिचडी समजावत होते. तिकडे साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात आणि त्याचं गोड पायसम करतात, पापड करतात. शेंगदाण्याचं कूट आणि मिरची घालून कुणी खात असेल यावर त्या माणसाचा विश्वासच बसेना. मागे गाडीत नऊ टन साबुदाणा, आणि मामा उपाशी. किन्नर म्हणाला, एका पोत्याला जरा हात घालू, कुणाला कळणार? मामांनी त्याला पाना दाखवला. पोती मोजून शिवलेली, दुसऱ्याचा माल. कागदावर त्याच ‘वा वा’च्या खाली: ‘केळी 1 डझन, उपास’.

शेळीचा किस्साही मामांच्याच गाडीवरचा, पण त्यात त्यांची चूक नव्हती. इंदूरहून रिकामी गाडी येत होती. आदल्या खेपेला पेंड भरली होती, तिचा चुरा हौदात सांडलेला. धुळ्याच्या अलीकडे ढाब्याला गाडी बांधाला लावून जेवले, अंधारात किन्नराने फाळका, म्हणजे हौदाची मागची फळी, चढवला आणि निघाले. कसारा घाट उतरून सकाळी कळंबोलीला फाळका उघडला तर आतून शेळी माझ्याकडे बघतेय. सगळी पेंड चाटून पुसून स्वच्छ. इतका साफ हौद आमच्या किन्नराने कधी झाडला नव्हता.

चार दिवस ती ऑफिसच्या खांबाला होती. रोज दूध काढल्याशिवाय गप्प बसत नसे, म्हणून शेजारच्या टायरवाल्याची आई येऊन काढून द्यायची. त्या चार दिवसांत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने शेळीच्या दुधाचा चहा प्यायला. एकाने तोंड वाकडं केलं, तो आजही आमच्याकडेच माल देतो. पुढच्या खेपेला मामांनी ती परत नेली. ढाब्यामागच्या म्हाताऱ्याने शेळी ओळखली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चार दिवसांच्या दुधाचे पैसे मागितले. दूध आम्ही प्यालो होतोच, भांडायला तोंड नव्हतं. ‘शेळी जाणे – 0. दूध – 120.’

सगळेच कागद हसायला लावणारे नाहीत. एका कारखान्याने गेटबाहेर अकरा दिवस गाडी थांबवली. आज खाली करू, उद्या करू. हॉल्टिंगचा एक रुपया दिला नाही. त्या ड्रायव्हरच्या कागदावर ‘कटिंग 1, दाढी 3’ एवढंच होतं. दुसऱ्या एका नव्या पोराने कागदावर मोठ्या अभिमानाने ‘डिझेल वाचवले 4 लिटर’ लिहून आणलं. कसं वाचवलं विचारलं तर म्हणतो, घाट उतरताना न्यूट्रल केली. तो कागद मी फाडला आणि त्याचा पगार त्याच दिवशी चुकता केला. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापले की पाय दाबून उपयोग नाही. किस्से ऐकायला मला आवडतात, पण या एका बाबतीत मी ऐकून घेत नाही.

गाड्या वाढत गेल्या. एकाच्या तीन, तिनाच्या सात. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. मामांची ती शेवटची वर्षं. एका रिकाम्या नाक्यावर ते सवयीने थांबले, कागदांची पिशवी घेऊन खिडकीशी गेले. आत कुणी नाही, खुर्ची उलटी. अर्धा तास वाट पाहिली. चहावाला म्हणाला, जा की बाबा, उठला नाका. मामा म्हणाले, उद्या मागची एन्ट्री दाखव म्हणाले तर? शेवटी चहावाल्याकडून कागदाच्या मागे सही घेऊन आले. तोही कागद डब्यात आहे, चहाचे 10 रुपये धरून.

पुढच्याच वर्षी सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. दहा चाकी गाडीची मालासकट एकूण 25 टनांची 28.5 टन झाली. वर्तमानपत्रांत वाहतूकदारांना दिलासा म्हणून आलं. आमच्या बाजारात उलटं झालं. माल तेवढाच, गाडी जास्त उचलते, म्हणजे गाड्या कमी लागतात. टनाचा भाव पडला. दोन गाड्या विकल्या. आज पाच आहेत, त्यांतल्या एकीचा हप्ता चालू आहे.

2020 च्या मार्चमध्ये आमची एक गाडी विदर्भात अडकली. ढाबे बंद, सीमा बंद. शेजारच्या वस्तीवरून एक बाई रोज संध्याकाळी भाकरी आणि पिठलं पाठवत राहिली, बांधावर ठेवून पोरगं पळून जायचं. एकोणीस दिवसांनी गाडी हलली. त्या कागदावर ‘इतर’ समोर काही नाही, नुसती रेघ.

आता मोबाइल आहे, जीपीएस आहे, फास्टॅग आहे, आणि थापांचे दिवस संपले असं मला वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात पार्टीचा घाबरा फोन आला, “शेठ, आमचा कंटेनर समुद्रात दाखवतोय!” गाडी न्हावा-शेव्याला रांगेत उभी होती. भराव टाकून केलेली जमीन, ॲपमधला नकाशा जुना, म्हणून निळ्या पाण्यात आमचा ट्रक. ड्रायव्हरला फोटो पाठवायला सांगितला. त्याने चाकांचा पाठवला, कोरडी आहेत हे दाखवायला.

फास्टॅगने मात्र खरी पंचाईत केली ती ड्रायव्हर मंडळींची. एकजण सकाळपासून सांगत होता, भिवंडीत लोडिंगला नंबर लागायचाय. दुपारी मी एका लग्नात जेवायला बसलो आणि मोबाइलवर मेसेज: खेड शिवापूर टोल कटला. खेड शिवापूर पुण्याच्या पुढे, साताऱ्याच्या रस्त्यावर. फोन केला. म्हणाला, “शेठ, भिवंडीत लई ट्रॅफिक आहे.” मी म्हटलं, इतकं की पुणं ओलांडलंस? दोन मिनिटं नुसता इंजिनाचा आवाज. मग कबूल झाला: मेहुण्याचा कांदा शेतात भिजत होता, टेम्पो मिळेना. रागावलो, पण कांदा भिजू दे म्हणायला जीभ उचलेना. परत आल्यावर कागदावर पहिल्यांदाच ‘इतर’ जमेच्या बाजूला होतं: ‘मेहुणा – भाडे 2,000’. डिझेलचे तीन हजार खर्चात होते, तो भाग वेगळा.

या हिवाळ्यात नवी गाडी घेतली. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. मामा आता गावी असतात, पण गाडीची पूजा त्यांच्या हातून करायची म्हणून बोलावलं. आत बसले, गार वारा लागला, खांद्यावरचा टॉवेल अंगाभोवती घेतला. म्हणाले, “बाळा, यात झोप येईल रे.” मग ड्रायव्हरला जवळ बोलावून विचारलं, घाटात शिंग्रोबाला थांबतोस ना?

खोपोलीकडून बोरघाट चढताना जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि त्याच इंग्रजांनी त्याला गोळी घातली, असं सांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतून नाणं पडतंच. आमच्या प्रत्येक पुण्याकडच्या कागदावर ‘शिंग्रोबा – 11’ असतं आणि बायको ते कधी विचारत नाही.

ड्रायव्हर पोरगा मान हलवून म्हणाला, “थांबतो की, दर खेपेला.” तेवढ्यात बायको आतून त्याचा मागच्या महिन्याचा कागद आणि मोबाइल घेऊन आली. कागदावर शिंग्रोबा होता, आणि मोबाइलवर त्याच दिवशी, त्याच गाडीचा एक्सप्रेसवेचा टोल. देऊळ एक्सप्रेसवेवर नाही.

पोरगा मामांकडे बघायला लागला. मामा टॉवेल आणखी घट्ट करून एसीची बटणं न्याहाळत होते. शेवटी तो म्हणाला, “वहिनी, वरूनच हात जोडले होते. पैसे देवाचे म्हणून बाजूला ठेवलेत.” आणि खरंच पाकिटाच्या मागच्या कप्प्यातून एक दहाची नोट आणि एक रुपया काढून त्याने टेबलावर ठेवला. बायकोने ते उचलले, कागदाला टाचणीने लावले आणि डब्यात टाकले.