कोळसा संपला, डोंगर उरला

काल रात्री चंद्रपूरहून नाशिकला परत आलो, बुटांना अजून तिकडची काळी माती चिकटलीय. तिकडच्या एका बंद कोळसा खाणीचा ओबी डम्प बघायला गेलो होतो, ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरची माती, मुरूम, दगड खोदून बाजूला टाकतात ना, त्याचाच डोंगर. पर्यावरण मंजुरीत साधारण अट असते की एकूण उतार २८ अंशांच्या वर नको, मधे मधे टप्पे हवेत, पायथ्याला चर आणि गढूळ पाणी निवळायला सेटलिंग पॉन्ड. कागदावर सगळं होतं. पण एका टप्प्याची कड फुटलेली, वरचं पाणी तिथूनच खाली धावलेलं, घळीत हात घातला तर कोपरापर्यंत गेला आणि शेजारी सुबाभळीची मुळं उघडी लोंबत होती, फार वाईट वाटलं. नुसती झाडं मोजून काय होणार, आधी पाणी आवरा, टप्प्याला आतल्या बाजूला उतार द्या! जिथे काथ्याची जाळी नीट ठोकलीय तिथे वाळ्याचं एक ठोंब ओढून पाहिलं, हललंसुद्धा नाही.

२००९ पासून कोळसा खाण बंद करायचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे पैशाची सबब चालणार नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे कोळसा नाही, पण मुरुमासाठी उभ्या कापलेल्या टेकड्या आहेतच, आणि त्र्यंबककडचा पाऊस तर विचारूच नका. रविवारी टेप घेऊन तिकडे जातोय, कोणी येणार असेल तर सांगा.