स्पोन्झाच्या कमानीखाली

क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला गट नेला की सगळ्यांना आधी तटबंदीवर चढायचं असतं. त्या दिवशी मात्र पाऊस असा लागला होता की निसरड्या पायऱ्यांवर ज्येष्ठ मंडळींना न्यायची माझी तयारी नव्हती. टूर मॅनेजर म्हणून जबाबदारी माझी. सगळ्यांना घेऊन स्पोन्झा राजवाड्याच्या चौकात शिरले.

रागुसा म्हणजे दुब्रोव्निकचंच जुनं नाव. हे त्या रागुसा प्रजासत्ताकाचं जकातघर. बांधकाम १५१६ ते १५२२ चं. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात बहुतेक शहर कोसळलं, ही इमारत तगली. चौकातल्या एका कमानीवर लॅटिन ओळी कोरल्या आहेत. तिच्याखाली मालाचा काटा टांगलेला असे. मी अर्थ सांगितला : 'आमची वजनं फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत. मी माल तोलतो, तेव्हा देव मला तोलत असतो.'

गटातले एक काका पुढे आले. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, एरवी अबोल.

"पुन्हा सांग बघू," म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून ते उतरवून घेतलं. "जन्मभर काटा मारणाऱ्यांच्या मागे फिरलो गं. पण तोलणाऱ्याच्या डोक्यावरच असं लिहून ठेवलेलं कुठे पाहिलं नाही." मग विचारलं, "एवढंसं गाव, एकीकडे व्हेनिस, दुसरीकडे तुर्क. टिकलं कसं?"

हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी वाट बघत असते! १३५८ साली रागुसा व्हेनिसच्या अमलातून सुटलं. नावापुरता हंगेरीचा राजा वर, कारभार स्वतःचा. पुढे तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी दिली आणि त्या बदल्यात त्याच्या मुलखात व्यापाराच्या सवलती मिळवल्या. साथीच्या गावाहून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा कायदा त्यांनी १३७७ सालीच केला. व्यापार बंद न करता रोग बाहेर ठेवायचा, हे डोकं मला फार मोठं वाटतं. १४१६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. आणि राज्याचा प्रमुख? त्याची मुदत फक्त एक महिना! तेवढे दिवस त्याने त्याच्यासाठीच्या वेगळ्या राजवाड्यातच राहायचं, कामाशिवाय बाहेर पडायचं नाही.

"खंडणी देऊन कसलं स्वातंत्र्य?" मागून एक तरुण म्हणाला.

काका वळले. "अरे, पैसे दिले, पण गावात दुसऱ्याचं सैन्य आणून बसवलं नाही. हे कमी आहे का?"

मला दोघांचंही पटलं. सत्ता मोजक्या सरदार घराण्यांकडेच होती, सामान्य माणसाला मत नव्हतं, हेही मी सांगितलं. ते झाकून कौतुक करणं मला जमत नाही. तरी साडेचारशे वर्षं आरमारी सत्तांच्या मधोमध तगून राहणं ही लहान गोष्ट नाही. १८०६ साली नेपोलियनचं सैन्य आत आलं आणि ३१ जानेवारी १८०८ रोजी त्याचा सेनापती मार्मों याने हे प्रजासत्ताक बरखास्त केलं.

"आणि दप्तर?" काकांचा पुढचा प्रश्न.

"ते इथेच आहे काका, याच इमारतीत."

"फौजदारी खटले आहेत त्यात?"

आहेत म्हटल्यावर त्यांनी थेट आमच्या स्थानिक गाईडला गाठलं. खोट्या वजनाला शिक्षा काय होती, तपासणी कोण करायचं, किती दिवसांनी करायचं, एकामागून एक प्रश्न, आणि मध्ये दुभाषी म्हणून मी.