शुभा फूटपाथवरून उतरली

शनिवार, ११ जुलै २०२०
दादर

राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की मी भांडी घासायला घेते आणि तासाभरात मोकळी होते. आज भांडी झाली, ओटा झाला, बाबांचा काढा उकळून झाला, तरी आत जे रुतून बसलंय ते जागचं हललेलं नाही.

शुभा मला बघून फूटपाथवरून खाली उतरली. झालं ते एवढंच. मी शिवाजी पार्काला फेरी मारत होते, स्काउट हॉल मागे पडला होता आणि ती समोरून येत होती. मास्क असला तरी मी तिला चालीवरून ओळखलं. उजवा खांदा पुढे काढून चालते ती, कॉलेजपासून. मी हात वर केला. तिने बघितलं. नक्की बघितलं, कारण तिचाही हात अर्धा वर आला होता. मग ती दोन उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर उतरली, गाड्यांच्या पलीकडून चालत गेली आणि मला ओलांडून पुढे गेल्यावर परत वर चढली.

पार्काची फेरी सव्वा किलोमीटरही भरत नाही. उलट दिशांनी चालणारी दोन माणसं एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात. आम्हा दोघींना हे इतकं पाठ होतं की पहिल्या गाठीला अर्धं राहिलेलं वाक्य आम्ही दुसऱ्या गाठीला पुरं करायचो. मग कट्ट्यावर टेकायचो आणि चालणं राहायचं बाजूला. आज मी मुद्दाम वेग कमी केला. ती दुसऱ्यांदा समोर यायला हवी होती. आली नाही. उद्यान गणेशाच्या बंद दाराला बाहेरूनच हात जोडणारे लोक होते, कुत्री फिरवणारे होते, छत्री टेकत जाणारे ते आजोबा होते. शुभा नव्हती.

बाजूला तर सगळेच सरकतात. मीही सरकते. हनुवटीला मास्क लावून येणारा कुणी दिसला की दहा पावलं आधीपासून मी श्वास रोखून धरते आणि तो गेल्यावरही थोडा वेळ सोडत नाही. त्यात कुणाचा अपमान नाही, कुणी तो करून घेतही नाही. परवा एक मुलगी मला बघून कट्ट्यावरच चढली, वरून चालत गेली आणि पुढे उतरली, तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं. मग शुभाचंच का लागावं इतकं?

कारण तिला माहीत आहे. अनोळखी माणूस बाजूला होतो तो कुणापासूनही होतो. शुभा माझ्यापासून झाली. आमच्या जिन्याला बांधलेले बांबू तिने पाहिले आहेत. मंदारला करोना झाला आणि न्यायला गाडी आली तेव्हा कोणकोणत्या खिडक्यांचे पडदे हलले, हे मी रात्री फोनवर तिलाच सांगितलं होतं. माझ्याआधी तीच रडायला लागली होती.

मे महिन्यात आम्ही माणसं नव्हतो, ‘तिसरा मजला’ होतो. तिसऱ्या मजल्याचं दूध खाली ठेवा. तिसऱ्या मजल्याने कचरा स्वतः बांधून ठेवावा. ज्यांच्या पोरांच्या बारशाला मी कुंच्या शिवल्या त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्याने गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. बाबांचं त्या दिवसांत जे झालं ते लिहायला अजून हात धजत नाही. राहू दे.

मंदार बरा होऊन आला, कागद मिळाला. माझी तपासणी तर तेव्हाही निगेटिव्हच होती. पण कागद जिन्यात दाखवता येतो, पार्कात कुठे दाखवणार? तिथे मी फक्त समोरून येणारी एक बाई आहे, आणि ज्यांना आमचं माहीत आहे त्यांच्यासाठी तिसरा मजला. दुपारभर हेच चाललं होतं डोक्यात. झोप आली नाही. माझ्या अंगाला काही चिकटलंय आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसतंय, असं वाटत राहिलं.

फिरणं सुरू झालं तेच मुळी भीत भीत. ३ जूनपासून बाहेर चालायला परवानगी मिळाली, पहाटे पाच ते संध्याकाळी सात, आणि नेमकं त्याच दिवशी निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. चालायची मोकळीक मिळाली त्या दिवशी अख्ख्या मुंबईला घराबाहेर पडू नका म्हणून सांगत होते. पुढे जूनच्या शेवटी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असं निघालं, तेही काही दिवसांत बदललं. रोज नवं काही निघालं की माणूस नियम पाळायचं सोडून अंदाज बांधायला लागतो. आणि अंदाज बांधतो तो भीतीच्या बाजूने.

एप्रिलमध्ये सगळ्या ग्रुपांवर फिरलेलं ते चित्र मला अजून आठवतं. एक माणूस धावतोय आणि त्याच्या मागे रंगीत ठिपक्यांचा लोट. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांचं काम होतं ते. चालणाऱ्याच्या मागे चार-पाच मीटर सोडा, धावणाऱ्याच्या मागे दहा मीटर. मंदार तेव्हाच म्हणाला होता की हे लोक सायकलस्वाराभोवती हवा कशी वाहते त्याचा अभ्यास करणारे आहेत. थेंब कुठवर जातात ते त्यांनी काढलंय, त्या थेंबांनी मागचा माणूस आजारी पडतो का, ते तपासलेलं नाही. मला पटलं होतं. पण चित्र एकदा डोळ्यांत बसलं की पटण्या-न पटण्याला विचारतंय कोण? आजही पार्कात पोरं धावत गेली की त्यांच्या मागे मला ते ठिपके दिसतात. शुभालाही दिसत असतील. माझ्या मागे.

या आठवड्यात त्यात आणखी भर. २३९ शास्त्रज्ञांनी पत्र लिहिलं, की हा विषाणू हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांमधूनही पसरतो, हे गंभीरपणे घ्या. परवा जागतिक आरोग्य संघटनेनेही म्हटलं की गर्दीच्या, बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागी तशी शक्यता नाकारता येत नाही. पेपरात ‘बंदिस्त’ हा शब्द होता. आमच्या ग्रुपवर येईपर्यंत तो गळून पडला आणि ‘विषाणू हवेत आहे’ एवढंच उरलं. वरच्या वहिनींनी काल गॅलरीचं दार लावून घेतलं. नेमकं जे उघडं ठेवायला हवं ते दार! मी खालून ओरडून सांगितलं असतं पूर्वी. आता तिसऱ्या मजल्याचं कोण ऐकणार, म्हणून गप्प बसले.

मंदारने त्या खोलीत पडल्या पडल्या पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एक आज चहानंतर मी त्याच्याकडून परत काढून घेतलं, कशासाठी ते न सांगता. चीनमधल्या संशोधकांनी हुबेई प्रांत सोडून बाकीच्या शहरांमधल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सात हजारांहून जास्त रुग्णांची माहिती लावली. तीन किंवा जास्त माणसांना एकत्र लागण झाल्याचे ३१८ प्रसंग निघाले आणि ते सगळेच्या सगळे बंद जागेतले. सर्वांत जास्त घरातले, त्याखालोखाल प्रवासातले. उघड्यावर लागण झाल्याचा प्रसंग एकच, दोन माणसांचा. हेनान प्रांतातल्या एका गावात सत्तावीस वर्षांचा एक माणूस वुहानहून परतलेल्या माणसाशी बाहेर बोलत होता.

बोलत होता. शेजारून चालत गेला असं नाही.

तिथे मी थांबले आणि परत पहिल्यापासून वाचलं. आम्हाला एकमेकींना ओलांडायला लागतात दोन सेकंद. दोघींना मास्क, चौपाटीवरून येणारा वारा, वर आभाळ. त्या दोन सेकंदांत काही होत नाही, हे तिलाही कळतं, ती वाचणारी आहे. पण शुभाने आणि मी एकमेकींना दोन सेकंदांत कधी ओलांडलंय? ती फूटपाथवर राहिली असती तर थांबली असती. थांबावंच लागलं असतं तिला. मग मी मास्क खाली केला असता, कारण तिला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही आणि ती ओठ बघून ऐकते. मग बाबांचं निघालं असतं, ते निघाल्यावर माझा गळा दाटला असता, आणि मी रडताना सहा फुटांवर उभी राहणारी ती नाही. अर्धा तास तरी कट्ट्यावर. आणि तिच्या घरी आई आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

मला ओलांडून जाण्याची भीती नव्हती तिला. थांबण्याची होती, म्हणून ती उतरली. परक्या बाईसाठी तिला उतरायची गरज पडली नसती. अंग चोरून निघून गेली असती.

हे खरं असेल का? की मला सोसेल असं काहीतरी मी जुळवून घेतेय? दोन्ही होऊ शकतं. पण तिचा अर्धा वर आलेला हात मी पाहिलाय, आणि टाळायचंच असेल त्याचा हात वर येत नाही. मघापासून जे रुतलंय ते निघालेलं नाही, पण आता त्याच्यासकट श्वास घेता येतोय. आई माझ्या असत्या तर मीही उतरले असते, आणि कदाचित हातही वर केला नसता.

आजच्या पेपरात धारावी आहे. काल जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याची उदाहरणं देताना इटली, स्पेन, दक्षिण कोरिया यांच्यासोबत धारावीचं नाव घेतलं. मंगळवारी तिथे एकच नवा रुग्ण निघाला होता. दादर-माहीममध्ये रोज त्याहून जास्त निघताहेत. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा आमच्या इमारतीत काय ठरलं होतं ते मला आठवतंय: तिकडून येणाऱ्या कुणालाच फाटकाच्या आत घ्यायचं नाही. कामाच्या बायका, इस्त्रीवाला, फुलपुडीवाला, सगळे बाहेर. त्यांच्यातल्या कुणाला काही झालंय का, हे विचारलंसुद्धा नाही. पत्ता पुरेसा होता. तेव्हा सगळं दादर धारावीला बघून फूटपाथवरून उतरलं होतं. इस्त्रीवाल्याचा कालच फोन आला होता, येऊ का म्हणून. आणि त्याने विचारलं, ताई, तुमच्या बिल्डिंगमध्ये आता ठीक आहे ना? त्याला पूर्ण हक्क आहे विचारायचा. सोमवारी ये म्हटलंय.

संध्याकाळी मीच शुभाला फोन केला. फोन लावेपर्यंत मनात चार वाक्यं तयार होती. त्यातलं एकही बोलले नाही. तिने उचलताच ‘अगं, मी करणारच होते’ म्हटलं आणि मी न विचारताच सांगितलं, की सकाळी अर्ध्या फेरीतूनच परतावं लागलं, आईंची मशीनवरची वेळ अचानक बदलली. म्हणजे दुसऱ्यांदा ती समोर आली नाही त्याचं कारण हे. पहिल्यांदाचं तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. मंदारला वास यायला लागला का, विचारत होती. परवा फोडणीतला हिंग कळला म्हटलं तर केवढ्याने हसली. मग बाबांचं विचारलं. आणि मग दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही, फोन मात्र ठेवला नाही.

आईंची परिस्थिती बरी नाही. डायलिसिसच्या जागी आत एकाच माणसाला सोडतात, शुभा बाहेर तीन-चार तास बाकावर बसून असते आणि घरी आल्यावर दारातच कपडे बदलून आंघोळीला जाते. रात्री वेगळ्या खोलीत झोपते. नातू दाराच्या फटीतून हात घालतो, तो हातसुद्धा ती धरत नाही, म्हणाली. हे सगळं तिने मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ‘तुझं काय कमी होतं का,’ म्हणाली.

आम्ही असं ठरवलंय की उद्या पाऊस नसेल तर सहालाच निघायचं, दोघींनी एकाच दिशेने, ती अर्धी फेरी पुढे आणि फोन कानाला. म्हणजे समोरासमोर यायचा प्रश्न नाही, मास्क काढायचा प्रश्न नाही, आणि मैदानाच्या पलीकडे मान वळवली की ती दिसेल. मंदारचे इअरफोन मागून ठेवलेत, त्यातून तिला माझं जास्त स्वच्छ ऐकू जाईल. मास्क पावसात भिजला की श्वास जड होतो, तेव्हा एक कोरडा बरोबर घ्यायचा.

फूटपाथचं मात्र विचारायचं आहे. मनात ठेवून मी तिच्याशी नीट बोलू शकणार नाही, माझा तो स्वभाव नाही आणि तिला ते आवाजावरून कळेल. पहिल्या फेरीत आईंचं सगळं ऐकून घेईन. दुसऱ्या फेरीत विचारीन.