काळी माती, तांबडा जांभा आणि चार फोर बाय फोर: येळ्ळूर, जांबोटी, कणकुंबी

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी आम्ही चार फोर बाय फोर गाड्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, घेऊन निघालो. माझी तीन दारांची डिझेल थार, मेहुण्याची जिम्नी, चंदगडच्या मित्राची तीन दारांची गुरखा आणि हिंडलग्याच्या काकांची जुनी जिप्सी. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी जिप्सी चालवली आणि घरी आल्यावर स्वतःसाठीही जिप्सीच घेतली.

कागदावरचे आकडे आमच्या तोंडपाठ होते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७०० मिलिमीटर, शिवाय गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, येतो. पण आमच्या भागात एका दिवसात दोन वेगळ्या जमिनी लागतात. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भाताची काळी चिकट माती, आणि जांबोटी ओलांडली की तांबडा जांभा. कोणती गाडी कुठे चालते ते याच दोन मातींवर तपासायचं, एवढं ठरवून निघालो.

पहिला मुक्काम येळ्ळूरच्या शिवारातली गाडीवाट. वाट आमच्या आत्याच्या शेताकडे जाते आणि तिची परवानगी आधीच घेतली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण जुलैत त्या शिवारात दोन्ही बाजूंना भात उभं असतं. चाक बांधावरून घसरलं की कोणाची तरी वर्षाची मेहनत चिखलात जाते. ओळखीचं शेत नसेल तर या दिवसांत तिथे गाडी घालू नका.

वाटेच्या तोंडालाच एक शेतकरी मामा भेटले. म्हणाले, "परवा ट्रॅक्टर रुतलाय बघा इथं. मोठी गाडी घेऊन जाऊ नकासा." आम्ही चालत जाऊन पाहिलं. चाकोरी घोट्याभर खोल होती आणि तिच्यात पाणी साचलेलं. तळाला मात्र काठी टेकवली की कठीण लागत होतं.

आधी मी गेलो, फोर-लो लावून, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर टाकून. चाळीस-पन्नास फुटांवर टायरच्या खाचा मातीने गच्च भरल्या आणि गाडी डाव्या बांधाकडे सरकायला लागली. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं तरी गाडी डावीकडेच जात होती. मी थांबलो. दोष माझा होता. टायरमध्ये रस्त्यावरची ३२ पीएसआय हवा तशीच ठेवली होती, आणि टायरही डांबर-माती दोन्हींवर चालणारे, या चिखलासाठी नव्हते. काकांनी हवा १८ पीएसआयवर आणायला लावली. तीच गाडी, तीच वाट, टायरही तेच, पण आता टायर पसरून जमिनीला धरून बसला आणि मी सरळ पलीकडे गेलो. दोन दिवसांत एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही. गाड्यांची तुलना करताना लोक आकडे सांगतात, हवा किती होती ते सांगत नाहीत. ते कळल्याशिवाय त्या तुलनेवर विश्वास ठेवू नका.

जिम्नी हवा न काढताही बऱ्याच अंतरापर्यंत गेली. तिचं वजन बाराशे किलोच्या आसपास. थार दीड टनाच्या वर, गुरखा त्याहून जड. चिखलात वजनाचा हिशोब चुकत नाही. गुरखाला मात्र मित्राने चिखलाचे टायर घातले होते, मोठ्या गठ्ठ्यांचे, दोन गठ्ठ्यांमध्ये रुंद खाच. जड असूनही ती निघाली, कारण चाक फिरताना माती बाहेर फेकत होतं. जिप्सीचं चाललं त्याच्या अगदी उलट. तिचे टायर अरुंद, त्यामुळे वरचा रेंदा कापून ते खालच्या कठीण तळाला टेकले आणि काका चाकोरीतून बैलगाडीसारखे शांतपणे पुढे गेले. तळ कठीण असेल तर अरुंद टायर चांगला. तळच नसेल, नुसता रेंदा असेल, तर रुंद टायर आणि कमी हवा. काठी टेकवून पाहायची ती यासाठी.

मामा तोवर बघत उभे होते. जिप्सी पलीकडे गेली तेव्हा म्हणाले, "हलकी हाय म्हणून निघाली बघा." अर्धं कारण तेच होतं.

तिथून किणयेमार्गे जांबोटी. बेळगावहून तीसेक किलोमीटर. हा चोर्ल्याकडून गोव्याला जाणारा रस्ता, त्यामुळे ट्रकची वर्दळ असते आणि पावसाळ्यात दुपारीसुद्धा धुकं उतरतं. डिझेल-पेट्रोल बेळगावातच भरा. हवा कमी केलेली गाडी डांबरावर वेगाने पळवू नका. आम्ही येळ्ळूरहून निघताना बारा व्होल्टच्या छोट्या कॉम्प्रेसरने चारही गाड्यांत हवा भरून घेतली. त्यात तास गेला, पण कॉम्प्रेसर नसेल तर हवा काढायचीच नाही.

जांबोटीच्या पुढे ओळखीच्या एका गृहस्थांची काजूची बाग आहे. बागेत चढणारी वाट म्हणजे या सहलीचा खरा गाभा. तांबडी माती वाहून गेलेली, जांभ्याचे कंगोरे वर आलेले, आणि मधोमध पावसाने तिरपा खणलेला गुडघाभर चर. तिरप्या चरात गाडी घातली की पुढचं एका बाजूचं आणि मागचं दुसऱ्या बाजूचं चाक हवेत जातं. डिफरन्शिअल म्हणजे एक्सलच्या, अर्थात आसाच्या, दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर. साध्या डिफरन्शिअलचं वागणं असं की जे चाक मोकळं फिरतं तेच फिरत राहतं. जमिनीवर टेकलेल्या चाकाला मग गाडी ढकलण्याइतका जोर मिळत नाही आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. या जागी चार गाड्यांनी चार वेगळी उत्तरं दिली.

गुरखाचं उत्तर सगळ्यांत सोपं. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉकर आहेत. लॉकर लावला की एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, मग एक हवेत असलं तरी हरकत नाही. मित्राने आधी मागचा लावला, मग पुढचा, आणि पायाने ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून तो वर गेला. चाक एकदाही जोरात फिरलं नाही, एक दगड उडाला नाही. मला हे फार आवडलं, कारण वाट जशीच्या तशी राहिली. पुढचा लॉकर लागलेला असताना स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला तयार नसते. वळणाच्या आधी तो काढायचा, हे गुरखा चालवणाऱ्याने हाताला सवय लागेपर्यंत घोकावं.

माझ्या थारमध्ये मागचा मेकॅनिकल लॉकर नाही. तिच्यात फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडच्या चाकाकडे वळवणारी व्यवस्था आहे. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरचा आपला पाय आपोआप उचलला जातो, आणि इथेच घोटाळा होतो. पाय उचलला की ती व्यवस्था काम सोडते. दोनदा मी असाच थांबलो. तिसऱ्यांदा काका खिडकीशी उभे राहून म्हणाले, "पाय तसाच ठेवा. मोजा तीनपर्यंत." दोन मोजून झाले तेव्हा ब्रेकची घरघर ऐकू आली आणि गाडी उचलली गेली. १६०० आरपीएमपासून मिळणारा ३०० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, इथे फार कामी येतो, कारण इंजिन गुरगुरवावं लागत नाही. थार घेणाऱ्यांना एक सांगणं: कोणत्या वर्षाच्या कोणत्या मॉडेलला मागचा मेकॅनिकल लॉकर मिळतो ते बदलत आलंय. पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा आणि गाडीखाली वाकून खात्री करा.

जिम्नीतही ब्रेकवर चालणारीच व्यवस्था आहे. तिचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटरचं आणि तेही ४००० आरपीएमला, त्यामुळे मेहुण्याला इंजिनाचे फेरे चढे ठेवावे लागले. पहिल्या खेपेस तो थोडा मागे घरंगळला, दुसऱ्या खेपेस चराच्या कडेने वर गेला. उतरताना मात्र जिम्नीने सगळ्यांना मागे टाकलं. तिचा मागचा कोन पन्नास अंशांच्या आसपास आहे, म्हणजे उतारावरून सपाटीवर येताना शेपूट टेकत नाही. पोटाखालचा कोन २४ अंश, थारचा २७. जिम्नीची पुढची-मागची चाकं २५९० मिलिमीटर अंतरावर, थारची २४५०. म्हणून उंच बांध किंवा कंगोरा ओलांडताना जिम्नी सरळ न नेता जरा तिरपी न्यावी, एकेक चाक वर चढवत. मेहुण्याला हे एकदा सांगितलं आणि पुन्हा पोट घासल्याचा आवाज आला नाही.

जिप्सीत यातलं काहीच नाही. १९८५ साली बाजारात आलेली गाडी, पुढे-मागे स्प्रिंगऐवजी पोलादी पाटे, इलेक्ट्रॉनिक मदत शून्य. काकांनी चरात चार जांभ्याचे दगड रचले, चाक कुठून जाणार ते पायाने आखलं आणि एका दमात वर गेले. चारही गाड्यांत वाट वाचण्याचं खरं काम त्यांनीच केलं. माझं मत असं झालंय की नव्या माणसाने पहिले सहा महिने लॉकर असूनही लावू नये. दगड कुठे ठेवायचा ते आधी शिकावं.

बागेच्या पलीकडे एक ओढा लागतो. दुपारी चारला पोहोचलो तेव्हा पाणी नितळ होतं. बांबूला गाठी बांधून मापलं, गुडघ्याच्या खाली. गाडी घालणार तेवढ्यात काकांनी हात आडवा केला. पाण्याचा रंग बदलत होता. नितळ पाणी लालसर झालं की वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळलेला असतो, लोंढा मागून येतो. वीस मिनिटांत पाणी मांडीपर्यंत चढलं. ६५० आणि ७०० मिलिमीटरचे आकडे संथ पाण्यासाठी समजावेत. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, आणि चिखलात ज्यांना हलकेपणाचा फायदा झाला त्याच जिम्नी आणि जिप्सी इथे सगळ्यांत आधी सरकतील. आम्ही बागेतच राहिलो.

सकाळी पाणी पुन्हा पिंडरीपर्यंत उतरलं होतं. आधी चालत पार केलं, मग एकेक गाडी, दुसरी गाडी पलीकडे पोहोचेपर्यंत तिसरी थांबलेली. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवा. एक्सलच्या ब्रीदर नळीतून (आतली हवा ये-जा करण्याची नळी) पाणी शिरलंय का ते पुढच्या आठवड्यात गॅरेजला तपासून घ्या. डिफरन्शिअलचं तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, थांबू नका.

कणकुंबीला आम्ही डांबरी रस्त्यानेच गेलो, जांबोटीपासून आणखी पंधरा-वीस किलोमीटर. माऊलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम पाहिला. इथे पडलेलं पाणी मलप्रभेतून कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जातं, आणि याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यातून पश्चिमेला. देवळाच्या पायरीवर पाऊस पाहत उभं राहिल्यावर हे मनात येतंच. या टापूत डांबर सोडून गाडी कुठेही घालू नका. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, त्या रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी चाकोरी सोडून जाण्याचं काही कारण नाही. ज्यांना गाडी चिखलात घालायची आहे त्यांनी ओळखीच्या खाजगी जमिनीवर घालावी.

सोबत काय घ्यावं: ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल (पिनेच्या लोखंडी कड्या), पण पट्टा गाडीच्या ठरलेल्या टो हुकलाच लावा. ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा उडतो. ओढताना पट्ट्यावर ओलं पोतं टाका आणि माणसं लांब उभी करा. फावडं, बांबू, कॉम्प्रेसर, हवेचं माप. जळवांसाठी मीठ. रोख पैसे, कारण मोबाइलची रेंज जांबोटीनंतर येते-जाते. नकाशा आधी उतरवून घ्या, बऱ्याच पाट्या कन्नडमध्ये आहेत. वाट विचारायला मात्र अडचण नाही, गावागावात मराठी बोलतात. ट्रॅक्टर बोलवावा लागला तर आधी पैसे विचारा आणि मागितले तेवढे द्या.

मला कोणी विचारलं कोणती घेऊ, तर मी आधी विचारेन राहता कुठे. येळ्ळूर, वडगावच्या काळ्या मातीत रोज जाणाऱ्याला जिम्नी. कणकुंबी-पारवाडकडे जांभ्याच्या चढणीवर बाग असलेल्याला गुरखा. बेळगावात राहून महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्याला आणि एरवी घाटरस्त्याने गोव्याला जाणाऱ्याला थार. चालू स्थितीतली जिप्सी कोणाकडे असेल तर त्याने ती विकू नये.

पुढच्या रविवारी मी आणि मेहुणा पुन्हा काजूच्या बागेत गेलो. आमच्या चाकांनी चर आणखी वीतभर खोल झाला होता आणि पावसाचं सगळं पाणी तिथून वाहत होतं. दोन ट्रॉली मुरूम टाकला, वर जांभ्याचे तुकडे ठोकून बसवले. तुम्ही ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मालकांना विचारून डाव्या कडेने चढा. उजवीकडचा मुरूम अजून बसलेला नाही.