तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ वाढतो की नाही?

"एवढे हिवाळे त्यात घालवलेत, मग ढगांत फवारणी करून डोंगरावरचा बर्फ वाढतो की नाही, ते एकदा सांगून टाका." हे मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत कळतं. मी "सांगता येत नाही" म्हटलं की मंडळी मान डोलावतात आणि दुसरा विषय काढतात. त्याचा मला खरंच त्रास होतो. ते उत्तर मी अंग काढून घ्यायला देत नाही.

फवारतात त्या सिल्व्हर आयोडाइडनं, म्हणजे चांदी आणि आयोडीनच्या संयुगानं, ढगातलं पाणी गोठतं, यात वाद नाही. शून्याच्या बऱ्याच खाली जाऊनही थेंब न गोठता तरंगत असतात. सिल्व्हर आयोडाइडच्या कणांची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशी जुळते, म्हणून असे थेंब त्यावर गोठतात. हे 1946 पासून ठाऊक आहे. अडतं ते पुढे. पडलेला बर्फ एरवी पडलाच नसता, हे कशावरून? एका वादळात वीतभर पडतो, पुढच्यात कंबरेएवढा. फवारणीनं वाढलाच तर साधारण पाच ते पंधरा टक्के, आणि तोही ढग त्याजोगा असेल तर. एवढासा फरक तेवढ्या चढउतारात शोधायचा असतो.

म्हणून चिठ्ठी टाकतात. अमेरिकेत वायोमिंगमध्ये 2008 ते 2014 असे सहा हिवाळे हेच केलं. शेजारशेजारच्या दोन डोंगररांगा, चिठ्ठी निघेल तिच्यावर चार तास फवारणी, दुसरी तुलनेला. हिशेबात धरण्याजोगे 118 प्रसंग मिळाले आणि वाढ निघाली तीन टक्के. फवारणीचा काहीही परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात 28. "म्हणजे फसलाच की प्रयोग!" नाही हो, फसला नाही. एका रांगेवर सोडलेला सिल्व्हर आयोडाइडचा धूर वाऱ्यानं दुसरीवर गेल्याचं आढळलं, पुरेशी फवारणी झालेले प्रसंगच घेतले तर आकडाही वाढतो. पण हे बोलताना माझा आवाज चढतो, कारण निकाल कळल्यावर प्रसंग निवडायला बसणं म्हणजे काय, ते मी स्वतः अनुभवलंय.

मी ज्या प्रयोगात होते तिथे माझ्याकडे बर्फमापी होत्या. झाडांमधल्या मोकळ्या जागेत उंच नळकांडं, भोवती वारा अडवणाऱ्या पट्ट्या, आत न गोठणारं द्रावण आणि त्यावर तेलाचा पातळ थर. बर्फ आत पडला की वजन वाढतं, ते नोंदलं जातं. कोणत्या डोंगरावर फवारणी चालू आहे, हे आम्हाला मुद्दाम सांगत नसत.

एके दिवशी मापीच्या तोंडावर बर्फाची टोपी धरली होती. ओला, चिकट बर्फ कडेनं वाढत जातो आणि मधोमध जुळतो. उपडी परात ठेवावी तसं दिसतं. नियम साधा होता: आधी वेळ लिहायची, मग टोपी बाहेर काढून टाकायची, त्या प्रसंगातून ती मापी बाद. माझे हातमोजे भिजलेले, पेन्सिल आतल्या खिशात, वाऱ्यापुढे डोळे उघडवत नव्हते. मी कडेवर मूठ मारली. टोपी फुटली, अर्धी माझ्या बुटांवर आली, अर्धी आत धप्पकन पडली. खाली गेल्यावर लिहू, म्हटलं. लिहिलं नाही.

कुठे फवारणी झाली ते लिहिलेली बंद पाकिटं वसंतात फुटली. एक प्रसंग उठून दिसत होता: फवारणीच्या डोंगरावर बर्फ भरपूर, शेजारी बेताचा. मला केवढा आनंद झाला! सगळ्यांना दाखवायला म्हणून मी त्याचा मिनिटामिनिटाचा आलेख काढला. रेघ सावकाश चढत होती आणि एके जागी सरळ उभी पायरी. तासाच्या बेरजेत ती लपली होती. तारीख पाहिली, मापीचा क्रमांक पाहिला. ती पायरी म्हणजे माझी मूठ होती.

आठ दिवस मी गप्प बसले. मनाशी युक्तिवादही तयार होता: वाऱ्यामुळे मापीत नाहीतरी कमीच बर्फ पडतो, म्हणजे माझ्या चुकीनं उलट भरपाईच झाली. आज हे लिहिताना हात आखडतो. नवव्या दिवशी सांगितलं. साहेब रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "असं आणखी किती वेळा झालं?" मी म्हटलं, एकदाच. प्रसंग बाद झाला आणि आधीच बारीक असलेला आकडा आणखी खाली आला.

पुढे 2017 च्या जानेवारीत अमेरिकेतल्याच आयडाहोमध्ये विमानानं वाऱ्याला आडव्या फेऱ्या मारत फवारणी केली आणि रडारवर नागमोडी रेघा उमटल्या. ते चित्र पाहून मला रडू आलं. तीन प्रसंगांत मिळून सुमारे सात लाख घनमीटर पाण्याएवढा बर्फ पडल्याचा हिशेब निघाला. तेव्हाची मी म्हणाले असते, घ्या, झालं सिद्ध! फवारणीनं बर्फ पडतो हे झालंही. पण हिशेब जमला तो नैसर्गिक बर्फ जेमतेम पडत होता म्हणून. भरपूर बर्फ आपोआप पडत असतो तेव्हा अशी रेघ वेगळी दिसत नाही. आणि पाणी हवं असणाऱ्याला तीन प्रसंगांचा नाही, अख्ख्या हिवाळ्याचा आकडा हवा असतो.

म्हणून "सांगता येत नाही". तुमचं समाधान होणार नाही, माझंही होत नाही. साहेबांना दिलेलं "एकदाच" हे उत्तर मला तेव्हा खरं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण तो आलेख मी काढला, कारण तो प्रसंग मिरवण्यासारखा होता. फवारणीच्या विरुद्ध गेलेल्या प्रसंगांचे मिनिटामिनिटाचे आलेख मी कधी काढलेच नाहीत.